दिदोचं नाक

ब्रॅमोर गावात ओरेस्ट दानिलुकच्या नाकाची थट्टा केली नाही असा माणूस नव्हता, आणि त्या नाकावर विश्वास नाही असा तर औषधालाही सापडला नसता. नाक तसं साधंच, जरा डावीकडे कललेलं. विसाव्या वर्षी बर्फावरच्या हॉकीची रबरी चकती थेट त्याच्यावर येऊन आदळली होती, त्याची ती खूण.

ते १९५८ साल. त्याच्या आदल्या हिवाळ्यात गावाने युद्धाच्या वेळचं एक ओसाड विमानघर फळी फळी सोडवून, ट्रॅक्टरमागे बांधून चाळीस मैल ओढत आणलं होतं आणि त्याची बर्फाची रिंक उभी केली होती. छतावरचे खिळे ठोकणाऱ्यांत ओरेस्ट होता. मग सोळा ते वीस वयाच्या पोरांचा संघ झाला, बॅजर्स. त्यातही ओरेस्ट होता, राखीव गोलरक्षक म्हणून. तीन सामने खेळला आणि सव्वीस गोल खाल्ले. प्रशिक्षकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "ओरेस्ट, बाळा, तू बर्फ बघ." त्याने अडतीस वर्षं बर्फ बघितला. प्रशिक्षक आले, गेले, दोघे वारलेसुद्धा. पण ब्रॅमोरचा बर्फ सगळ्या प्रांतात एक नंबर, हे शत्रूसुद्धा कबूल करायचे. अजिंक्यपद मात्र बॅजर्सना एकदाही मिळालं नाही. एकोणऐंशी साली अंतिम सामन्यात हरले, त्या संघातला लॉर्न पेटकाऊ आता क्लबचा अध्यक्ष होता आणि अजून त्या हरण्याबद्दल बोलताना त्याचा आवाज चिरकायचा.

पण खरी जखम एकोणनव्वद सालची. रिंकचा बर्फ गोठतो अमोनियाच्या जोरावर. मागच्या यंत्रखोलीत तो नळ्यांत कोंडलेला असतो. थोडा निसटला तर डोळे झोंबतात, जास्त निसटला तर माणूस दारापर्यंतही पोचत नाही. म्हणून वायू निसटला की आपोआप वाजणारा एक भोंगा खोलीत लावलेला. एकोणनव्वदच्या उपांत्य सामन्यात बॅजर्स एका गोलने पुढे, सहा मिनिटं उरलेली, आणि भोंगा किंचाळला. सगळं गाव उणे अडतीस अंशांत बाहेर. तपासलं, तर काही नाही! नुसता दमटपणा. पोरं गारठून पुन्हा आत आली, पाय लाकडासारखे झालेले, आणि तीन गोलने हरली.

तेव्हापासून एक प्रथा पडली. सामन्याच्या दिवशी ओरेस्ट भोंग्याची तार काढून ठेवायचा आणि स्वतः यंत्रखोलीत बसायचा. यंत्राला कळायच्या आधी त्याच्या नाकाला कळतं, हे अख्ख्या गावाने पाहिलेलं होतं. मग संघ बर्फावर उतरायच्या आधी कर्णधार येऊन स्टिकने दार दोनदा ठोकायचा.

"दिदो, नाक काय म्हणतंय?"

"स्वच्छ आहे. जा, खेळा."

दिदो म्हणजे आजोबा. पोरं त्याला तसंच म्हणायची, मग त्यांचे आजोबा युक्रेनहून आलेले असोत की आणखी कुठून. हे उत्तर मिळाल्याशिवाय एकही पोरगं बर्फावर पाय ठेवायचं नाही. कायद्यात हे बसत होतं का? छे! पण गावात कायद्यापेक्षा नाक मोठं होतं.

आणि शहाण्णवच्या जानेवारीत ते नाक गेलं.

फ्लूचा ताप आला, आठवड्याने उतरला. एका सकाळी ओरेस्ट स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत बसला होता, तर त्याची बायको व्हर्ना धावत आली आणि तिने चुलीवरची कढई ओढली. कांद्याचा कोळसा झाला होता, धूर छताला लागला होता.

"अरे, इथे बसून काय करतोयस? वास नाही आला तुला?"

"आला की. म्हटलं, तुला खमंग आवडतात."

"वा रे वा! जाळायचे आणि वर नाकाने कांदे सोलायचे!" ती हसली. तो हसला नाही. 

दुपारी रिंकवर जाऊन त्याने पेट्रोलच्या डब्यात नाक घातलं. काही नाही. व्हिनेगरच्या बाटलीत घातलं, नुसतं झोंबलं, वास नाही. शेवटी तो कपडे बदलायच्या खोलीत गेला आणि पोरांचा एक हातमोजा उचलला. हॉकीच्या हातमोज्याचा वास ज्याने घेतलाय त्याला सांगायला नको, त्या वासाने मेलेला उठून बसेल. ओरेस्टने डोळे मिटून त्यात तोंड खुपसलं आणि लांब श्वास घेतला. जणू धुतलेला रुमाल. हातमोजा हातात धरून तो तसाच बाकावर बसून राहिला. 

सांगायला हवं होतं, नक्कीच हवं होतं. पण माणसाचं मन असं असतं बघा! सांगितलं की तार जोडावी लागणार, तार जोडली की तो मुर्दाड भोंगा केव्हाही केकाटणार, आणि संघ तर यंदा सुसाट सुटलेला. शिवाय नाक गेल्यावर ओरेस्ट कोण? सव्वीस गोल खाणारा. उद्या सांगू, पुढच्या आठवड्यात येईल वास परत, असं म्हणता म्हणता मार्च उजाडला. प्रत्येक सामन्याला तो तार काढायचा, दारावर दोन ठोके पडायचे आणि तो म्हणायचा, "स्वच्छ आहे." मग अडीच तास अमोनिया दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या समोर घामाघूम होऊन बसायचा. नाक बंद म्हणून डोळ्यांवर भिस्त. झोंबतात का? नाही. आता? नाही. पण डोळे झोंबेपर्यंत उशीर झालेला असतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? भिंतीपलीकडेच पाहुण्या संघाची खोली होती. सतराअठरा वर्षांची पोरं त्या भिंतीला पाठ टेकून बुटांच्या नाड्या बांधायची. घरी आला की जेवण जायचं नाही. व्हर्नाने पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वाढल्या की तो म्हणायचा, "छान झाल्यात," आणि तोंडात पुठ्ठा चावल्यासारखं चावायचा.

संघाचा कर्णधार क्लेटन रेम्पेल त्यांच्याकडेच राहायचा. लांबच्या शेतावरचा पोरगा. बाहेरगावच्या पोरांना गावातली घरं सांभाळतात ही इथली रीतच. टेबलापलीकडे बसून तो सात सात पिरोगी हाणायचा, आणि त्याच्याकडे बघून ओरेस्टच्या अंगावर काटा यायचा.

अजिंक्यपदाचा सातवा आणि शेवटचा सामना आला. रविवार, दुपारी दोन, समोर कॅरिक लेकचा संघ. नऊशेच्या रिंकमध्ये अकराशे माणसं. व्हर्ना कॅन्टीनमध्ये कांदे परतत होती, वर बँड कोकलत होता. ओरेस्टने सवयीने तार काढली. भिंतीपलीकडून कॅरिक लेकच्या कुणा पोराचं हसणं ऐकू आलं, अगदी कोवळं, आवाजही धड फुटलेला नव्हता. 

ठक ठक.

"दिदो, नाक काय म्हणतंय?"

ओरेस्टने तोंड उघडलं. 

"काही म्हणत नाही."

क्लेटन हसला. "म्हणजे?"

"जानेवारीपासून काहीच म्हणत नाही, पोरा. मला वास येत नाही. कसलाच."

शिरस्त्राणाखाली क्लेटनचा चेहरा पांढरा पडला. त्याने मागे पाहिलं. वीस पोरं रांगेत उभी, उत्तराची वाट बघत. तो आत सरकला आणि कुजबुजला, "दिदो, असं नका ना करू. आज नको. नुसतं म्हणा स्वच्छ. खोटं असलं तरी चालेल, पण म्हणा! त्याशिवाय ती पोरं बर्फावर यायची नाहीत."

खोटं असलं तरी चालेल!  ओरेस्ट वळला आणि तार जोडू लागला.  इतक्यात लॉर्न आला. क्लेटनने त्याला काय ते दोन वाक्यांत सांगितलं.

"काका, हात लावू नका त्याला," लॉर्न म्हणाला. "एकोणनव्वद विसरलात? हे पुन्हा बोंबललं तर गाव तुम्हाला जिवंत सोडेल का?"

"लॉर्न, नाक मेलंय माझं."

"मग डोळे आहेत ना! अडीच तास, काका. फक्त अडीच तास. एकोणऐंशीपासून वाट बघतोय मी. पाया पडू का तुमच्या?"

 ओरेस्टने तार बसवली, स्क्रू आवळला. लाल दिवा लागला. लॉर्न दार आपटून गेला. क्लेटनने बाहेर जाऊन पोरांना ओरडून सांगितलं, "स्वच्छ आहे! चला!" ओरेस्टने ते ऐकलं आणि भिंतीला टेकला.

पहिलं सत्र गेलं, भोंगा गप्प. दुसरं गेलं, भोंगा गप्प. वरून आरोळी उठली की ओरेस्ट दचकायचा, आणि शांतता झाली की जास्तच दचकायचा. दिव्यावरून त्याची नजर हटत नव्हती. वाजला तर गाव खाणार, आणि वाजायला हवा तेव्हा न वाजला तर? त्याला धड बसवेना, धड उभं राहवेना. तिसऱ्या सत्रात छत फाटेल असा कल्लोळ झाला. बॅजर्स तीन, कॅरिक लेक दोन. नऊ मिनिटं उरली.

तेव्हा भोंगा वाजला.

ओरेस्टने वायूरोधक मुखवटा चढवला, मोठी कळ दाबून यंत्रं बंद केली आणि बाहेर धावत सुटला. "बाहेर! सगळे बाहेर!" लोक उठेनात. "पुन्हा तेच!" कुणीतरी ओरडलं. "त्या म्हाताऱ्याला कोंडा आत!" शिव्या, शिट्ट्या, एकाने कॉफीचा कप भिरकावला. पण ओरेस्ट वेड्यासारखा एकेका बाकाजवळ जाऊन माणसांना ओढत होता, तेव्हा कुठे गर्दी हलली. पोरं बुटांच्या पात्यांवर लंगडत बर्फातून बाहेर आली. गावच्या अग्निशमन दलाचे निम्मे लोक प्रेक्षकांतच होते, ते आपले मुखवटे घेऊन आत घुसले.

बाहेर उणे तेवीस. ओरेस्ट एका बाजूला उभा राहिला. मुखवटा काढून त्याने नाक वर केलं, ओढलं, पुन्हा ओढलं. नुसती थंडी. भोंगा खरा की खोटा? अकराशे माणसांत हे ज्याला कळायला हवं होतं त्याच एकट्याला कळत नव्हतं. लॉर्न समोरून आला. त्याचे डोळे भरले होते.

"दोनदा बुडवलंत, काका. दोनदा," एवढंच म्हणून तो पुढे गेला.

व्हर्ना एप्रनवरच धावत आली, नाकातोंडावर हात धरून. ओरेस्टने तिचा दंड पकडला.

"व्हर्ना, खरं सांग. वास येतोय का?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "तुला... येत नाहीये?"

"येतोय का ते सांग!"

"अरे देवा! ओरेस्ट, इथपर्यंत येतोय! डोक्यात जातोय माझ्या!"

तेवढ्यात एक जवान बाहेर आला. मुखवटा वर सरकवून खोकला आणि म्हणाला की कॉम्प्रेसरचं सील गेलंय, आणि ते आज नाही गेलेलं, बरेच दिवस झिरपतंय, आज फाटलं. भिंतीपलीकडची खोली अमोनियाने भरलीय. आणखी नऊ मिनिटांनी सामना संपला असता आणि कॅरिक लेकची पोरं तिथेच कपडे बदलायला बसली असती.  लॉर्न मटकन बर्फात बसला.

व्हर्नाने ओरेस्टला घट्ट धरलं आणि रडायला लागली. "वाचवलंस रे सगळ्यांना, वाचवलंस!"

पण ओरेस्टचं तिकडे लक्ष नव्हतं. क्लेटन समोर उभा होता, शिरस्त्राण हातात, केस गोठून पांढरे. तो एकेक बोट मिटत काहीतरी मोजत होता. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्याची संपली. ते काय आहे हे ओरेस्टला पहिल्या बोटालाच कळलं.

"बारा," क्लेटन म्हणाला. "जानेवारीपासून घरच्या रिंकवर बारा सामने, दिदो. आणि आज सोडून सगळ्यांना तार काढलेली होती."

 व्हर्नाचा हात ओरेस्टच्या दंडावरून हळूहळू सुटला.