शालिककाकांच्या आंधळ्या माश्या

शालिककाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते फुलचूरच्या आमच्या गल्लीत, भर उन्हात, पाण्याने भरलेली काचेची बरणी डोक्यावर धरून तिच्या बुडाकडे टक लावून बघत उभे होते. मी शेजारी नुकताच भाड्याने राहायला आलो होतो. वाटलं, एखादा नवस असेल. जवळ जाऊन पाहिलं तर बरणीत पांढऱ्या केसांचा एक लहानसा झुबका तरंगत होता, आणि त्यात गळ होता.

"माशी वरून पाहाची नाही," माझ्याकडे न बघताच ते म्हणाले. "मासा खालून पाहाते. तू मासा होऊन पाह्य."

काका सुतार. तान्ह्या पोळ्यासाठी पोरं ओढतात ते लाकडी नंदी करण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. पण उरलेलं वर्षभर ते बकरीचे केस आणि कोंबड्याची पिसं गळावर बांधून मासे फसवायच्या खोट्या माश्या करत. हे खूळ त्यांच्या मुलाचं, अमोलचं. अमोल कोकणात, हौशी लोकांना समुद्रात मासे धरायला नेणाऱ्या एका बोटीवर कामाला होता. माश्या बांधायला त्यानेच बापाला शिकवलं होतं. एका दुपारी तो एकटाच लहान होडी घेऊन गेला. होडी सापडली, अमोल सापडला नाही.

काकू म्हणायच्या, भंतेजींना बोलवून पुण्यानुमोदन, गेलेल्याच्या नावाचा विधी, करून घ्या, पोराला किती दिवस असं ताटकळत ठेवायचं? काका ऐकत नसत. "कोनी पाहिलं का त्याले मेलेला? मंग?" एवढंच म्हणून ते पुन्हा दोरा गुंडाळायला लागत. काकू मग उठून आत जायच्या. त्या रडत मात्र नसत. नवऱ्याने ज्याला मेला म्हटलं नाही, त्या पोरासाठी आईने रडायचं तरी कसं?

पुढे माझी बदली कोकणात झाली. हा खेळ आपणही शिकावा म्हणून मी मोठ्या ऐटीत रंगीबेरंगी, चमचमणाऱ्या माश्यांचा भलामोठा डबा मागवला आणि काकांपुढे उघडला. ते पोट धरून हसले.

"मिठाईचं दुकान लावून राहिला का बे? तिकडच्या माशाची काय मुंज आहे?"

मग त्यांनी आपल्या तीन माश्या समोर ठेवल्या. पाणी निवळ असेल तर पांढरी. गढूळ असेल तर काळी, कारण गढुळात रंग दिसत नाही, सावली दिसते. आणि तळाशी फिरवायला झिंग्यासारखी तांबूस. "या तीन फेकाले शिक. हात बसला का चवथीचा विचार कर. तिथला मासा काय खाते ते पयले पाह्य, तुले काय आवडते ते मंग."

तिन्ही माश्यांना डोळे नव्हते. माझ्या विकतच्या माश्या मात्र टपोऱ्या डोळ्यांनी डब्यातून बघत होत्या. मासा डोळ्यावर झडप घालतो असं मी वाचलं होतं, ते मी काकांना सांगितलं.

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "नंदीचे डोरेबी मी शेवटी रंगानं काढतो, पोरगं दारात आल्यावर. डोरे काढले का केलेली वस्तू शोधाले लागते. शोधाचं नाही तं कायले काढाचे?"

"काका, तुम्ही तर भुतंखेतं मानत नाही."

"नाहीच मानत. आपन बुद्धाची मानसं. हे भूत नोहोय, काम होय."

मी चेष्टा केली खरी, पण त्यांच्या कपाटात ओळीने टांगलेल्या त्या आंधळ्या माश्यांकडे पाठ करून बसायला मला कधी जमलं नाही.

शिकवताना ते एक गोष्ट हटकून सांगत. दोरी रिकामी आली तर शिव्या देऊ नको, टोक पाहा. "साफ कापलं असंन तं दातवाल्यानं नेलं. खरबरीत असंन तं खडकानं. अन् टोक कुरळं असंन तं गाठ सुटली." त्यांची स्वतःची गाठ मात्र सुटत नसे. ती अमोलने शिकवलेली होती. त्या गाठीवर त्यांनी पेरूच्या झाडाला वीट टांगून ठेवली होती. पाऊस गेला, थंडी गेली, वीट तिथेच. "ओढून नाही सुटत ते. ज्याले ठाऊक आहे त्यानंच सोडाची."

निघायच्या सकाळी ते रंगाची डबी घेऊन आमच्या दारात आले. हातात एक पांढरी माशी होती, हातभर दोऱ्याला आधीच बांधलेली. माझ्यासमोर त्यांनी तिला एक डोळा काढला, वाळू दिला, मग दुसरा काढला. "पयले हेच टाकजो. हा दोरा तुह्या दोरीले जोड, पन माशीले दुसरी गाठ मारू नको. अन् टोक कसं आलं ते मले सांगजो."

माशी परत येणार नाही हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

खाडीच्या तोंडाशी मी ती फेकली तेव्हा सूर्य कलला होता आणि वारा अगदी पडलेला होता. दोरी हळूहळू ताणली गेली. हिसका नाही, धडपड नाही. झोपलेल्या माणसाच्या हातातून कोणी एखादी वस्तू काढून घ्यावी, तशी ती ओढ होती. मी दोरी घट्ट धरून ठेवली. पलीकडे काहीतरी बारीक बारीक चाळवत होतं. मग दोरी सैल पडली.

टोक कुरळं आलं. वळीवर वळी, जशी काकांनी घातली होती तशी, अख्खीच्या अख्खी. गाठ माझ्या हातची असती तर कच्ची होती म्हणून मोकळा झालो असतो. मी चपला हातात घेऊन पळतच रस्त्यावर आलो आणि फोन लावला.

"टोक?" काकांनी विचारलं.

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. कापलं म्हटलं असतं तर एक मासा झाला असता, बस. पण त्या माणसाशी खोटं बोलवलं नाही.

"कुरळं आहे, काका."

पेरूच्या झाडावरच्या साळुंक्यांचा कलकलाट फोनमधून ऐकू येत होता.

"वीट अजून टांगलीच आहे," ते म्हणाले. "मंग हे त्यानंच सोडली, पान्यातून." मग फोन तोंडापासून दूर धरून त्यांनी आत हाक मारली, "आयकलं का वो? उद्या सकारी विहारात जातो. भंतेजीले सांगून येतो."

फोन त्यांनी बंद केला नाही, विसरले असावेत. पहिल्यांदाच मी काकूंना रडताना ऐकलं.