बापाआधी गेलेला राजपुत्र

"तुमच्या मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, जागोजागी जखमा पडल्यात," डब्लिनजवळच्या नावनच्या हॉस्पिटलमधले कन्सल्टंट म्हणाले. कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्यात कॅमेरा घालून केलेली तपासणी, नुकतीच संपली होती. गुंगीनं माझी जीभ जड होती. "अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराची संरक्षणव्यवस्थाच आतड्यावर उलटते. हा आजार पूर्ण बरा होत नाही, पण बहुतेकांचा औषधांनी शांत राहतो."

'बहुतेकांचा' हा शब्द मी ऐकला आणि सोयीस्कर विसरलो.

मी मूळचा अमरावतीचा, वय चव्वेचाळीस, इथे स्टेंट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. आधी नुसतं वारंवार शौचाला जावं लागायचं. मग रक्त दिसलं. औषधं सुरू झाली आणि काही महिने खरंच बरे गेले. त्या भरवशावरच मी वडिलांना उन्हाळ्यासाठी इकडे बोलावलं.

अण्णा शाळेत इतिहास शिकवायचे. आई गेल्यापासून एकटेच. एका रविवारी मी, माझी बायको वैशाली, अकरा वर्षांची ईरा आणि अण्णा किलकेनीचा किल्ला बघायला गेलो. जुन्या भिंती बघून अण्णांमधला मास्तर जागा झाला.

"इंग्लंडच्या राजाचा एक मुलगा इथे कारभार बघायला आला होता," ते ईराला म्हणाले. "पण खरा लढवय्या त्याचा थोरला भाऊ. ब्लॅक प्रिन्स म्हणतात त्याला."

सोळाव्या वर्षी तो रणात अडचणीत सापडला, तेव्हा मदत मागायला आलेल्यांना राजा म्हणाला, लढू दे त्याला, नाव कमवू दे. पुढे त्यानं फ्रान्सचा राजाच कैद केला आणि त्याच संध्याकाळी त्याला स्वतः जेवण वाढलं. नात्यातल्याच मुलीशी प्रेमानं लग्न केलं. दोन मुलगे झाले.

"अँड देन, आजोबा?"

"मग काय," अण्णा म्हणाले, "झाली गोष्ट." आणि ते उगाचच नदीकडे बघत राहिले.

परतताना मला तीनदा गाडी थांबवावी लागली. तिसऱ्यांदा नुसतं रक्तच पडलं.

त्याच आठवड्यात ॲडमिट झालो. शिरेतून स्टिरॉइड्स सुरू झाली. पोटात कळ आली की अंथरुणाची कड घट्ट धरून ठेवायचो. सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज किती आहे ते सांगणारी रक्तचाचणी, रोज व्हायची. रोज तो आकडा सांगताना नर्स आधी थोडी थांबायची. मग दुसरं, जास्त जोरकस औषध दिलं. त्यानंही काही झालं नाही.

एका दुपारी वेळ जाईना म्हणून फोनवर त्या राजपुत्राची राहिलेली गोष्ट शोधली. वाचू नये असं वाटत होतं, तरी वाचत गेलो.

स्पेनच्या मोहिमेत त्याला आजार जडला, तो पुढे सुटलाच नाही. रक्ताचे जुलाब असावेत, असा अनेकांचा अंदाज. घोड्यावर बसवेना, तेव्हा डोलीत घालून त्याला लढाईवर नेलं. थोरला मुलगा लहानपणीच गेला. हा मायदेशी परतला तो अंथरुणावर पडायलाच. कधी कधी इतकी ग्लानी यायची की नोकरांना वाटायचं, संपलं. शेचाळीस पूर्ण व्हायच्या आत गेला. मागे धाकटा मुलगा उरला, आणि म्हातारा बाप. बाप तेव्हा जिवंत होता.

अण्णांना हे सगळं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सर्जन बाई एक्स-रे घेऊन आल्या. "आतडं फुगत चाललंय. फुटलं तर पोटभर विष पसरेल. कोलेक्टमी करावी लागेल, म्हणजे मोठं आतडं काढून टाकायचं. लहान आतड्याचं तोंड पोटावर आणायचं, त्यावर मळ साठवायची पिशवी."

"आणखी एक दिवस औषध देऊन बघता येणार नाही?"

"मी संध्याकाळपर्यंत थांबेन," त्या म्हणाल्या. "तुमचं आतडं थांबेल असं सांगू शकत नाही."

मला मरणापेक्षा पिशवीची भीती जास्त वाटत होती. आज हे विचित्र वाटतं, तेव्हा वाटलं नाही. वैशालीनं परोपरीनं समजावलं, मग रडत बाहेर गेली. अण्णा खुर्ची ओढून जवळ बसले.

"अण्णा, ईराला गोष्ट अर्धीच का सांगितलीत?"

"वाचलीस का?"

"हो."

त्यांनी माझ्या हातातल्या सुईवरची पट्टी नीट दाबली. "जन्मभर शिकवलं," ते म्हणाले. "लढाया शिकवल्या, तह शिकवले. पोरगा गेल्यावर तो राजा वर्षभर जगला. त्या वर्षात त्यानं काय केलं, कसा जेवला, कोणाशी बोलला, मी पोरांना कधी सांगितलं नाही. मलाच माहीत नाही." मग अमरावती सोडल्यापासून ऐकली नव्हती त्या बोलीत म्हणाले, "मले ते वर्ष नोको, बाबू. पिशवी लाव, नाहीतर काहीही लाव. मले तेवढं वर्ष नोको देऊ."

मी वैशालीला आत बोलवायला सांगितलं आणि सही केली.

ऑपरेशननंतरही सगळं सुरळीत झालं नाही. सेप्सिस झाला, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीरानं दिलेलं असं उत्तर की त्यात स्वतःचेच अवयव धोक्यात येतात. आयसीयूतलं मला फक्त थंडी आठवते, आणि खोलीच्या काचेपलीकडे उभे असलेले अण्णा. ते हात हलवत नव्हते, नुसते बघत होते.

ताप हळूहळू उतरला. स्टोमा नर्सनं, म्हणजे ही पिशवी सांभाळायला शिकवणाऱ्या नर्सनं, ती बदलायला शिकवली. ईरानं घाबरत घाबरत पाहिली आणि म्हणाली, "इट्स ग्रँड, बाबा. रिअली."

तुमच्यापैकी कुणी आज असाच एक्स-रे समोर ठेवून बसला असेल, तर एवढंच सांगतो: पिशवीची सवय होते. त्या सर्जन बाईंचे, नर्सेसचे, वैशालीचे उपकार फिटणारे नाहीत. तरी पोटात जरा कुठे दुखलं की मी अजूनही गप्प होतो, आणि घरही गप्प होतं.

अण्णांनी तिकीट पुढे ढकललं होतं. मी गाडी चालवू लागल्यावर मीच त्यांना डब्लिन विमानतळावर सोडायला गेलो. आत जाण्याआधी त्यांनी माझ्या शर्टावरून पोटावर हात ठेवला, अगदी पिशवीवरच.

"आता नंबरानं जाऊ," ते म्हणाले. "पयला नंबर माझा."