आधी राब भाजा

माझ्या मामांइतकं क्रमवार बोलणारा माणूस अख्ख्या जव्हार संस्थानात दुसरा नव्हता. नव्हता हे बरंच. दोघं असते तर कारभार ठप्प झाला असता. मामा शाळेत निबंध शिकवत आणि मी त्यांच्याच घरी राहून शिकत होतो. आधी मुद्दे, मग प्रस्तावना, मग विस्तार, शेवटी उपसंहार, हा क्रम त्यांनी घरातही कधी मोडला नाही. एकदा न्हाणीघरात साप निघाला. मामा चुलीपाशी येऊन मामीला म्हणाले, "सर्प हा मनुष्याचा शत्रू आहे, असा एक सार्वत्रिक समज आहे." मामीच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. "अगं बाई! अहो, कुठंय तो, ते आधी सांगा!" "ते विस्तारात येईल," मामा म्हणाले. विस्तार येईपर्यंत साप कंटाळून निघून गेला.

आमच्याकडे भाताआधी राब भाजतात. टहाळ्या, पाला, शेण पसरून जाळायचं, त्या भाजल्या जमिनीत रोपं वाढवायची आणि मग ती उपटून खाचरात लावायची. मामांच्या मते निबंध म्हणजे हेच. पाटी हा राब, कागद हे खाचर. सुचेल ते सगळं पाटीवर उतरवायचं, मरतुकडे मुद्दे उपटून फेकायचे, उरलेल्यांचा क्रम लावायचा आणि मगच कागदाला हात लावायचा. रविवारी ते आम्हा पोरांना शिरपामाळाच्या टेकडीवर नेत. प्रस्तावना चढावर म्हणायला लावत, म्हणजे धाप लागून ती आपोआप आखूड होते. वर पोचल्यावर वारा खात विस्तार. एखाद्यानं घाईनं टाक उचललाच, तर मामा नुसते म्हणत, "राब भाजलास का रे?" पोरगं मुकाट्यानं टाक खाली ठेवी.

पुढं ठाण्याला शिकायला जाण्यासाठी संस्थानची शिष्यवृत्ती एकालाच मिळायची. ती मिळाली नाही, तर मला आमच्या पाड्यावर परतून बापाबरोबर नांगर धरायचा होता. परीक्षेला विषय आला, 'आमचा मुलूख'. मी असा राब भाजला, की आमच्या बापानंही कधी भाजला नसेल. पाटीच्या दोन्ही बाजू भरल्या. मुद्दे निवडले, पुसले, पुन्हा लावले. तेवढ्यात घंटा झाली. कागदावर एकच वाक्य होतं : 'आमचा मुलूख डोंगराळ आहे.' बाहेरगावच्या परीक्षकांनी कागद उलटून पाहिला आणि म्हणाले, "मुलूख फारच लहान दिसतो."

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. मामी ताट उचलताना म्हणाली, "राब उत्तम भाजलात हो. लावणीचं तेवढं राहिलं." 

शिष्यवृत्ती संस्थानच्या कारभाऱ्यांच्या हातात होती; दुसऱ्या दिवशी मला घेऊन मामा त्यांच्याकडे निघाले. वाटभर बोटांवर मुद्दे मोजत होते. कारभारी म्हणाले, "बोला मास्तर." मामांनी घसा साफ केला, पगडी नीट केली, आणि एकदम म्हणाले, "रावसाहेब, पोराला शिकू द्या हो!" बोटांवर मोजलेले मुद्दे कुठल्या कुठं गेले.  "चूक माझी आहे. राब किती वेळ भाजायचा, हे मी त्याला कधी सांगितलंच नाही."

एवढं आखूड भाषण मामांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मला रडूच आलं. कारभाऱ्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "बस इथं. लिही." मी तिथंच बसून लिहिलं आणि शिष्यवृत्ती मला मिळाली.

ठाण्याला निघालो तेव्हा मामा बैलगाडीचा दांडा धरून गावाबाहेरपर्यंत चालत आले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलत होते. "सुट्टीत आलास की निवांत बोलू," असं म्हणून त्यांनी दांडा सोडला. सुट्टीत मी आलो. मामीनं दार उघडलं, मी तिच्या कुंकवाविना मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि उंबऱ्यावरच बसलो. मामांना काय सांगायचं होतं ते मामीलाही ठाऊक नव्हतं.