पंचनामा मामांची बोटुकली

नेकनूरच्या बाजारात मामांकडून मासा घ्यायचा म्हणजे हाताशी वेळ हवा. मासा कापला की मामा गिऱ्हाइकाला विसरायचे. आधी त्याचं पोट उघडायचे, आतडं बोटांनी चाचपायचे आणि मान वाकडी करून बघत राहायचे. "थांबा की वो, काय जेवलाय त्यो ते तर बगू द्या." एकदा एका माशाच्या पोटात ज्वारीचे दाणे निघाले. ते कुणाच्या रानातून वाहून आले असतील यावर मामांनी शेजारच्या कांदेवाल्याशी इतकी चर्चा केली, की गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. पोलीससुद्धा पंचनाम्याला एवढा वेळ घेत नाहीत, म्हणून बाजाराने त्यांचं नाव पंचनामा मामा ठेवलं होतं.

मी शाळामास्तर, प्रश्न विचारण्याचाच पगार घेतो, पण मामांपुढे मी कच्चा. "सर, मासा झोपतो का वो? डोळं तर मिटत न्हाई." मी घरी जाऊन मोबाईलवर शोधलं आणि दुसऱ्या दिवशी ऐटीत उत्तर दिलं. मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्ये सांगणाऱ्यानं कवा कटला पाळलाय का?"

आमच्या गावचा पाझर तलाव हे त्यांचं खरं दुखणं. पाण्याची सोय म्हणून बांधलेला, पावसाने भरला तर श्रावण-भादव्यात भरतो आणि शिमग्याला तळ दाखवतो. मामा आणि त्यांचे सहा-सात जोडीदार दरवर्षी त्यात बोटभर लांबीची पिल्लं सोडायचे. त्यांना बोटुकली म्हणतात. ती तळहाताएवढी होईपर्यंत तलाव आटायचा आणि तळहाताएवढा मासा बाजारात कुणी विचारत नाही. म्हणून दसरा झाला की मामा मामींना घेऊन ऊसतोडीला जायचे. पाण्यातला माणूस उसाच्या फडात. त्याचा त्यांना फार राग होता.

त्यावर त्यांनीच एक तोड काढली. बोटुकली वर्षभर एखाद्या शेततळ्यात बेताच्या खुराकावर ठेवायची आणि पुढच्या वर्षी तलाव भरला की सोडायची. मोकळं पाणी मिळालं की ती झपाट्याने वाढतात, असं त्यांचं म्हणणं. "ह्ये जमलं तर कोयता माळ्यावर टाकतो, सर. परत हात लावत न्हाई." पण तळं कोण देणार? माशांनी पाणी नासतं, असं गावात सगळेच म्हणत. माझं मोसंबीचं शेततळं होतं आणि मला उत्सुकता आवरत नव्हती. मी हो म्हणालो.

पिल्लं प्लॅस्टिकच्या फुगलेल्या पिशव्यांतून आली. मी लगेच पिशवी फोडायला निघालो, तर मामांनी माझा हात धरला. पिशव्या तशाच पाण्यावर तरंगत ठेवल्या. "पावनं लांबून आल्यात. आदी उंबऱ्यावर टेकू द्या, मंग घरात घ्या." आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार झाल्यावरच त्यांनी गाठी सोडल्या. पिल्लांसाठी मामा त्या वर्षी ऊसतोडीला गेलेच नाहीत. पुढे पाणी हिरवं झालं तेव्हा म्हणाले, "ह्ये हिरवं म्हंजी त्यांचं ताट हाय. हात लावू नगा."

आणि मी नेमका हात लावला. शिमग्याच्या आसपास माझे मेहुणे शहरातून यायचे होते. हिरवं तळं बघून ते नाक मुरडतील, अशी मला उगीच लाज वाटली. मी निम्म्याहून जास्त पाणी मोसंबीला सोडून दिलं आणि दिवसभर बोअर चालवून तळं नितळ केलं. सकाळी बघतो तर सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. घरचे सगळे काठावर जमले. मी कौतुकाने व्हिडिओ काढून मामांना पाठवला, खाली लिहिलं, 'मासे खेळतायत.'

मामा अनवाणी पळत आले. "खेळत न्हाईत, सर! जीव चाललाय त्यांचा! बोअरच्या पाण्यात दम नसतोय!" कमरेला दोर बांधून ते तळ्याला अंथरलेल्या निसरड्या प्लॅस्टिकवरून आत उतरले आणि हातापायांनी पाणी झोडपू लागले. मला मोटार लावायला सांगितली, तळ्यातलंच पाणी पाइपने उंचावरून परत तळ्यात पाडायला लावलं. "वारा पाजा त्याला, वारा!" दुपारपर्यंत निम्मी वाचली, निम्मी गेली. मामांनी एक मेलेलं पिल्लू उचललं, नखाने त्याचं पोट उघडलं. "उपाशी गेलं," एवढंच म्हणाले.

जोडीदार आले तेव्हा मामांनी मला बोलूच दिलं नाही. "माजीच चूक. पानी बदलाया मीच सांगितलं हुतं." मी गप्प राहिलो. आजही त्याची मला लाज वाटते. जोडीदार चिडले, असले प्रयोग पुन्हा नकोत म्हणाले आणि नवी बोटुकली माझ्या तळ्यात सोडायची नाही असं ठरलं. वाचलेली पिल्लं भादव्यात तलावात गेली. दसऱ्यानंतर मामाही गेले, पुन्हा ऊसतोडीला, कोयता घेऊन, मामींसोबत, ट्रकच्या हौद्यात बसून.

यंदा तलाव आटायला लागला तसं जाळं ओढलं. मीही काठावर होतो. जाळ्यात नेहमीची तळहाताएवढी पिल्लं होतीच, पण त्यांच्यामध्ये माझ्या तळ्यातून वाचून आलेले दोन-दोन किलोचे कटले उड्या मारत होते. सगळे बघतच राहिले. मला राहवलं नाही. तिथेच चिखलात उभं राहून मी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं आणि मामांना फोन लावून आवाज मोठा केला.

"मामा, मी सांगून टाकलं. चूक माझी होती म्हणून."

"कावून सांगितलं, सर?" मामा खरंच वैतागले. "मला नावं ठिवली तर चार दिसांत इसरत्यात. पर मालकाच्याच हातनं त्या तळ्यात मासं मरत्यात असं एकदा झालं, की पुन्हा कोण बोटुकली सोडतंय तिथं? मी बदनाम झालो तर होऊ द्या, तळं व्हाया नगं हुतं."

मग जोडीदारांतला सगळ्यात वयस्कर माणूस फोनजवळ तोंड आणून ओरडला, "मामा, तळ्यात काय खोट न्हाई! खोट मास्तरात हाय! कारखान्याचा पट्टा पडला, तोड संपली की लवकर या. औंदा मास्तरला घरात कोंडून बोटुकली सोडू!"

तिकडे उसाच्या फडात मामा मोठ्याने हसले. इकडे मला रडू आलं.