साक्षीदाराची सही

डॉक्टरांनी फाईल माझ्या अंगावर फेकली. कागद वॉर्डभर पसरले. सगळे पेशंट बघत होते.

"सिस्टर, अंगठा घ्यायला पाठवलं होतं. शाळा भरवायला नाही. चार बुकं शिकलात की तुम्हा लोकांना फार कळायला लागतं."

तुम्हा लोकांना. माझं आडनाव वाचल्यापासून हे त्यांच्या जिभेवर तयारच असतं. खाली वाकून कागद गोळा करताना किळस आली. त्यांची आलीच. माझी जास्त आली.

चाकणच्या त्या हॉस्पिटलात सहा वर्षं मी हेच करत होते. पेशंटचे कपडे बघायचे, नखांतलं ग्रीस बघायचं आणि काही न विचारता शाईच्या पॅडवर अंगठा दाबायचा. फॉर्मवर छापलेलं, 'रुग्णाला समजेल अशा भाषेत सर्व सांगितले.' खाली साक्षीदार मी. सांगितलेलं कुणी काहीच नसायचं.

माझा बाप पिंपरीत कंपनीत हेल्पर होता. त्याला सही यायची, तरी सुपरवायझर त्याच्यापुढे पॅडच सरकवायचा. घरी येऊन तो अंगठा साबणानं घासत बसायचा. त्याचीच पोरगी मी. थू माझ्यावर.

त्या सकाळी सात नंबरच्या बाईनं हात ओढून घेतला. परभणीकडची, कंपनीत कंत्राटी कामगार.

"मला सही येती की. वाचू तर द्या." बोट ठेवून वाचत ती एका ओळीवर थांबली. "ह्ये इंग्रजीत काय लिवलंय, ताई?"

मी सांगितलं, गर्भपिशवी काढणार आहेत.

"गाठ काढणार म्हन्ले व्हते! मला लेकरू न्हाई हो अजून."

तिनं सही केली नाही. म्हणून ती फाईल माझ्या अंगावर आली.

डॉक्टर थांबले नाहीत. बाहेर जाऊन तिच्या नवऱ्याची सही आणली आणि फॉर्म माझ्यापुढे धरला.

"साक्षीदार म्हणून सही करा."

"बाई शुद्धीवर आहे, सर. ती नको म्हणतेय."

"नोकरी नको झालीय का?"

मी पेन घेतलं. साक्षीदाराच्या जागी लिहिलं, 'रुग्णाला ऑपरेशन समजावलेले नाही. तिचा नकार आहे.' खाली पूर्ण नाव, आडनावासकट. ऑपरेशन त्या दिवशी झालं नाही. मला दुपारीच मेमो मिळाला.

मिळू दे. इथून पुढे माझी सही हवी असेल तर माझ्यादेखत पेशंटशी बोलावं लागेल. मी माझ्या कानांनी ऐकलं तरच सही करीन.