गेटवरचा जोहार

इव्हेंटवाल्या पोरानं माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली. हातात काठी दिली. काठीच्या टोकाला घुंगरं बांधलेली होती.

"काका, गेटवर उभं राहायचं. गाडी आली की काठी आपटायची, वाकायचं आणि म्हणायचं, 'जोहार मायबाप.' जरा मोठ्यानं. व्हिडिओत आलं पाहिजे."

मी म्हणलो, "मी ढोलकीवाला हाय."

"माहीत आहे हो. पण आज थीम आहे ना. जुनं गाव."

बायपासवरच्या एका लॉनवरची ही गोष्ट. ऊन कलतीला आलं होतं. लग्न मोठ्या घरचं, प्लॉटिंगवाल्यांचं. लॉनवर त्यांनी खोटं गाव उभं केलं होतं. थर्माकोलची वेस. पुठ्ठ्याची विहीर. रंगवलेली बैलगाडी, तिच्यात बसून पोरी फोटो काढत होत्या. वेशीच्या आत एक कुंभार चाक फिरवत बसला होता. तो कुंभार नव्हता. एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. ऑर्केस्ट्रा बंद पडला, मालकानं स्पीकर इकून टाकले. मंदीनं त्याला कुंभार केलं. मला परत महार करायला निघाले होते.

माझी बायको सुगंधा बाजूला उभी होती. खांद्यावर घोंगडी पडल्यामुळं माझी ढोलकी तिनं घेतली होती.

जोहार म्हंजे काय, हे आताच्या पोरांना ठाऊक नसंल. आमच्या लोकांनी गावातल्या मोठ्यांना घालायचा तो नमस्कार. लांब उभं राहून, वाकून, जमिनीकडं बघून. माझा बाप जवानीत अशीच काठी घेऊन चावडीपुढं उभा राहायचा. आमच्या लोकांनी धम्म घेतला त्या साली बापानं ती काठी गुडघ्यावर मोडली आन चुलीत घातली. त्या जाळावर आईनं भाकरी भाजल्या. दुसऱ्या दिवशी बापाला चावडीवर नेऊन मारलं. त्याचा डावा कान गेला तो गेलाच. मी ढोलकी शिकत होतो तवा तो उजवा कान माझ्याकडं करून बसायचा. म्हणायचा, "जोरात वाजव. कुणाच्या बापाला भेऊ नको."

आन त्याच्या पोराच्या हातात म्हातारपणी घुंगराची काठी.

आमचं गाव अजिंठ्याच्या अलीकडं. आमची गायन पार्टी होती. पार्टी चुलतभावाची, बोर्डावर नाव त्याचं. ढोलकी माझी. गळा सुगंधाचा. गावोगाव जयंतीला भीमगीतं गायचो. तिचा आवाज चढला की मागच्या ओळीतली म्हातारी माणसं उठून पुढं येऊन बसायची. पण माइकवर सांगणारा सारी उमर म्हणत आला, "आता आमच्या वहिनी गाणं म्हणतील." वहिनी. एकदा कार्यक्रमावरून घरी येताना ती टेम्पोत म्हणली, "आवं, मला नाव हाय का नाय?"



मग मंदी आली. लेणी बघायला येणारे पाव्हणे आटले. गावातल्या दुकानांनी शटरं ओढली. जयंतीला वर्गणी निघंना, निघाली ती डीजेवाल्यानं नेली. पेटीवाला वाळूजला कंपनीत वॉचमन झाला, कंपनीनं त्यालाबी घरी पाठवलं. शहरात गेलेली पोरं गाठोडी घेऊन माघारी येत होती. आन सुगंधा म्हणली, आपुन शहरात जाऊ.

"आता? ह्या वयात?"

"गळा हाय तवर. नंतर जाऊन काय करायचं? तिथं लॉन हायेत, हॉल हायेत. कुणीतरी माइकवर माझं नाव घेईल. एकदा ऐकायचंय मला."

गल्लीतल्या बाया हसल्या. एकजण म्हणली, "म्हातारीला हिरोईन व्हायचंय वाटतं."

सुगंधा म्हणली, "व्हय, व्हायचंय. तुझ्या पोटात काहून दुखतं?"

आलो आम्ही संभाजीनगरात. लोक बाहेर निघत होते आन आम्ही आत चाललो होतो. पुंडलिकनगरात एक खोली बघितली. घरमालकीण चांगली बोलली. सुगंधा गाणारी हाय म्हणल्यावर तर लईच खूश. चहा टाकते म्हणली. मग म्हणली, "आडनाव काय सांगितलंत?" सांगितलं. चहा आला नाय. "अगंबाई, यांनी कालच दिली वाटतं खोली." खोली भाड्यानं देणे हाय, ही पाटी पुढं लई दिवस तिथंच लटकत होती. आम्ही आपल्या लोकांच्या वस्तीत पत्र्याची खोली धरली.

काम नव्हतं. कुठंबी जावा, मंदी हाय बाबा. सुगंधा रोज सकाळी पत्र्याखाली रियाज करायची. मी ढोलकी तिच्या पट्टीला चढवून ठेवायचो. एक दिवस ती मला गुलमंडीला घेऊन गेली आन स्टेजवर नेसायला निळ्या काठाचं लुगडं घेतलं. दुकानदार म्हणला, "आजी, नातीचं लग्न का?" ती म्हणली, "नाय रे बाबा. माझा कार्यक्रम हाय." कार्यक्रम ठरला नव्हता तवाची ही गोष्ट.

मग हा इव्हेंटवाला पोरगा भेटला. त्यानं तिचं गाणं ऐकलं. म्हणला, लग्नात स्टेजवर दोन गाणी देतो. तिनं पहिलं हेच इचारलं, "नाव घेशील का माइकवर?"

"घेणार ना आजी. पूर्ण नाव."

"आन ह्यांना?"

"काकांनाही काम आहे."

ते काम हे.

मी घोंगडी काढून त्याच्या अंगावर फेकणार होतो. सुगंधानं माझा हात धरला. हळूच म्हणली, "वाका म्हणत नाय मी. जोहार तर घालूच नका. नुसतं उभं राहा. तेवढी दोन गाणी होऊ द्या."

मी उभा राहिलो.

पहिली गाडी आली. माणूस उतरला. मी काठी आपटली नाय. ताठ उभा राहून म्हणलो, "जयभीम."

तो हसला. त्याला गंमत वाटली. दुसरी गाडी आली. "जयभीम." त्यातला एकजण वळून वळून बघत गेला. एक बाई उतरली, भारी शालू, हातात पर्स. तिनं इकडंतिकडं बघितलं, तोंडातल्या तोंडात "जयभीम, काका" म्हणली आन झपझप आत निघून गेली. ती आपली असावी. तिलाबी तिथं हळू बोलावं लागत होतं.

मग आप्पा आला. नवरीचा चुलता. पांढरे कपडे, डोक्यावर काळा चष्मा, तोंडाला वास.

"ए, काय म्हणतोय रे तू पाव्हण्यांना?"

"जयभीम."

"तुला काय सांगितलंय म्हणायला?"

"ते मी म्हणत नसतो."

"अरे नाटक आहे हे. नाटकात म्हणायला तुझ्या बापाचं काय जातं?"

मी म्हणलो, "बापाचंच जातं."

त्यानं कानाखाली हाणली. कान बधिर झाला. मला एकदम बाप आठवला. तोच कान, डावा. आप्पानं माझ्या हातातली काठी हिसकली. "म्हण. जोहार म्हण." काठी गुडघ्यावर बसली. "म्हण." पाठीत बसली. "म्हण की रे." दर फटक्याला घुंगरं वाजत होती. भोवती माणसं गोळा झाली. मोबाइल वर आले. त्यांना वाटलं हीबी थीमच हाय, जुन्या गावात असं चालायचंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो. मला मार पडत होता आन लोक टाळ्या वाजवत होते. कुणीतरी शिट्टीबी मारली.

सुगंधा ढोलकी टाकून मधी आली. "आवं दादा, मारू नका, म्हातारं माणूस हाय..."

माझ्या डोक्यावर येणारी काठी तिच्या गळ्यावर बसली.

ती ओरडली नाय. ओरडायला आवाज लागतो. दोन्ही हातांनी गळा धरून खाली बसली, मग आडवी झाली. तोंडातून रक्त आलं. निळ्या काठावर सांडलं.

मी काठी ओढून घेतली. आप्पाच्या हातावर घातली. सुकलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. तो खाली बसला. मी अजून एक घातली, त्याच हातावर, त्याच जागी. मला थांबायचं नव्हतं. मग त्याची माणसं आली. मी खाली पडलो. बूट. लाथा. पुढचे दात मी थुंकून टाकले. एकानं ढोलकीवर पाय दिला, कातड्याचं पान फाटल्याचा आवाज मी ओळखला. तो कुंभार, कीबोर्डवाला, मातीच्या हातानं धावत आला आन सुगंधाच्या अंगावर पालथा पडला. नायतर तिला तुडवून गेले असते.

आन तेवढ्यात आत स्टेजवर माइक बोलला. आतल्या लोकांना गेटवरचं काय ठाऊक?

"आता आपल्यासमोर येत आहेत आजच्या खास कलाकार..." आन तिचं नाव. तिचं, माझं, आडनावासकट. पूर्ण नाव. "जोरदार टाळ्यांनी स्वागत करा."

टाळ्या झाल्या.

सुगंधानं डोळे उघडले. माइकचा आवाज आला तिकडं बघितलं. मातीत पडल्या पडल्या तिनं डोक्यावरचा पदर सावरला.

हे मी मरेस्तोवर इसरणार नाय.

रस्त्यावरचा एक रिक्षावाला गर्दीत घुसला. "हटो, हटो. चाचा, अम्मा कू उठाव पहले." त्यानं आम्हाला दवाखान्यात नेलं. जाताना म्हणला, "गवाही कू बुलाना. मैं आतूं." कीबोर्डवाल्यानंबी जबाब दिला. त्याला त्यानंतर कुठल्याच लॉनवर काम मिळालं नाय.

गळ्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरनं खाली भोक पाडून नळी बसवली. आवाज गेला तो गेला. वस्ती पोलीस ठाण्यापुढं येऊन बसली तवा ॲट्रॉसिटी लागली. आप्पा थोडे दिवस आत राहून जामिनावर सुटला. माझ्यावरबी केस झाली, हात मोडल्याची.

घरी आणल्यावर सुगंधा माझ्याशी बोटांनी बोलायची. पाणी पायजे असलं की खाटेच्या लोखंडावर ठेका धरायची. तिच्याच गाण्यांचे ठेके. मला कळायचं कोणतं गाणं हाय. मी शब्द म्हणायचो, माझ्या फाटक्या आवाजात, पुढच्या दातांशिवाय. ती हसायची, नळीतून नुसती हवा यायची. उन्हाळ्यात छाती भरली. एका दुपारी ठेका मधीच थांबला. मी वाट बघत बसलो. पुढं वाजलं नाय.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक उठून गेले, आन तो इव्हेंटवाला पोरगा आला. मी त्याला बसवलं. पाणी दिलं.

"काका, आजी तर गेल्या. आता केस ओढून कुणाचं भलं? आप्पा म्हणतात, दोन्हीकडून मागं घेऊ. तुमचंही वय झालंय. जेलमध्ये कशाला जाता? आणि त्याच लॉनवर आजींच्या नावानं कार्यक्रम ठेवू. मोठा बॅनर. नाव एवढ्या मोठ्या अक्षरात."

मी म्हणलो, "त्या दिवशी माइकवर नाव घ्यायला तूच सांगितलं होतं का?"

"हो काका. मी शब्द पाळला."

मी उठलो. त्याच्या गळ्यावर हात ठेवला आन दाबला. पोरगा हलंना. "आता घे तिचं नाव," मी म्हणलो. त्याच्या तोंडातून फस्स झालं. डोळे पांढरे झाले. मी हात काढला. "अशी बोलायची ती. सगळा उन्हाळा. जा, सांग आप्पाला."

तो चप्पल न घालताच पळाला.

वकील चांगला हाय, आपल्यातलाच. तो म्हणतो, "काका, मी मारलं नाय म्हणा. गर्दी होती, कुणाचा फटका बसला दिसलं नाय म्हणा. सुटाल." मी त्याला सांगितलं, तसं म्हणणार नाय. मी मारलं. दोनदा मारलं. ती काठी पोलिसांनी जमा केलीय. कोर्टात टेबलावर ठेवतील तवा मी साहेबाला सांगणार, व्हय, ह्याच काठीनं हात मोडला. माझ्या बापानं जाळलेली काठी ह्यांनी नवी करून, घुंगरं बांधून माझ्या हातात दिली, तवा मोडला. ह्याची सजा लिहायची तेवढी लिहा. पण तिच्या गळ्याचा हिशेब आधी करा. आन कागदावर तिचं नाव पूर्ण लिहा. मयत बाई लिहू नका. ढोलकीवाल्याची बायको लिहू नका. लिहिलेलं मोठ्यानं वाचा, आप्पा उभा असताना.

वकील म्हणला, "तुम्ही आत जाल."

म्हणलो, "जाईन."

सोमवारी तारीख हाय. मी सकाळी लवकर जाणार, धुतलेले कपडे घालून. कोर्टाच्या गेटवर उभा राहणार. खांद्यावर घोंगडी नाय, हातात काठी नाय. आप्पाची गाडी येईल. तो उतरंल, वाकडा जुळलेला हात घेऊन. मी त्याच्या पुढं जाऊन उभा राहणार, त्याच्या डोळ्यात बघणार आन मोठ्यानं म्हणणार.

जयभीम.