फळीवर मावेल तेवढंच

"फळीवर मावंल तेवढंच मांडायचं," असं म्हणत ती टोपलीवरचं ओलं गोणपाट पुन्हा ओढून घ्यायची. गिऱ्हाईक मान वाकडी करून टोपलीत डोकावायला लागलं की तिचा तळहात मध्ये यायचा. "आदी हे बग. नाय आवडलं तर टोपली हायच."

वसईतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती सकाळी मासे घेऊन बसायची. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. दोन हात लांब फळी आणि तिच्यावर पाच वाटे. सहावा कधीच नाही. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, आणि तुम्हीही तिच्याशी भावावरून हुज्जत घातली असेल. मी मात्र तिच्याकडून मासळीपेक्षा मोठं काहीतरी उचललं आणि कुणाला सांगितलं नाही. वर तिचं हसं केलं. ते आज लिहून टाकतो.

वसई पूर्वेला एका गाळ्यात आमची छोटी कंपनी आहे. होडीवर न्यायची तळहाताएवढी यंत्रं आम्ही बनवतो. हवामान, होडीची जागा, किनाऱ्याला निरोप, आणि अडचणीत सापडलं तर मदतीची हाक. स्क्रीन काडेपेटीहून जरासा मोठा. त्यावर काय दिसावं, कुठलं बटण दाबलं की कुठे पोचावं, हे ठरवणं माझं काम. त्याला मेनू म्हणतात. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग तू पन माज्यासारके वाटेच मांडतोस की." मी हसलो. ती चेष्टा करतेय असं मला वाटलं.

एकदा ती समोर चहा प्यायला गेली आणि मला म्हणाली, "दोन मिंटं बस रं भाऊ हितं." मी बसलो. बसल्या बसल्या माझ्यातला शहाणा जागा झाला. महाग मासा डावीकडे, स्वस्त उजवीकडे, असे वाटे मी हुशारीने ओळीत लावले. तेवढ्यात गल्लीतले निवृत्त मास्तर आले. डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ तरतरीत. माझ्याशी गप्पा मारता मारता त्यांनी डावीकडून दुसरा वाटा पिशवीत ओतला आणि गेले. त्या जागी रोज मांदेली असायची. त्या दिवशी कोळंबी होती.

अर्ध्या तासात मास्तर परत आले. "अहो, आमच्या घरात कोळंबीने दोघांच्याही अंगावर पित्त उठतं. बायकोने उंबऱ्यातूनच परत पाठवलं."

ती पोट धरून हसली. मग मला म्हणाली, "मास्तरांचा डोला अधू हाय, हात नाय. हात रोज एकाच जागी जातो. तू त्यांचा हात चुकवलास."

आमचं पहिलं यंत्र तयार झालं. तिचा मुलगा ते समुद्रावर नेऊन बघणार होता. त्याआधी सहज म्हणून मी ते तिच्या हातात दिलं आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला लागलो. मेनूत अकरा ओळी होत्या, एका वेळी दिसायच्या पाच.

"मावशी, होडीत पाणी भरतंय. मदत माग."

तिचं बोट खाली गेलं, वर आलं, 'सेवा'त शिरलं, तिथून भलतीकडेच निघालं. "मागं कुठनं जायाचं?" मी गप्प. चाचणी घेताना बोलायचं नसतं. मदत होती 'सेवा'च्या आत 'इतर', त्याच्याही आत. तिने आणखी दोनदा काहीतरी दाबलं आणि यंत्राची भाषाच बदलली. स्क्रीनभर तमिळ अक्षरं आली.

"बुडाली रं भाऊ होडी," ती शांतपणे म्हणाली. "माजा पोरगा तुज्या यंत्रात मदत सोदत बुडाला."

मग तिने यंत्र फळीच्या कडेला ठेवलं आणि मला वाटे दाखवले. "रोजचं हाय ते म्होरं. कवातरीचं टोपलीत. जागा बदलायची नाय. आनि जिवाचं हाय ते हाताशी, ह्या कोयत्यासारकं. कोयता मी कदी गोनपाटाखाली ठेवते का?"

त्या आठवड्यात मी सगळा मेनू मोडला. पाच ओळी, त्यांच्या जागा कायमच्या. बाकीचं 'आणखी'च्या आत. मागे जायचं बटण प्रत्येक स्क्रीनवर त्याच कोपऱ्यात. मदतीचं तर मेनूतच नाही, बाहेर, अंगठ्याखाली, लाल.

कंपनीच्या मोठ्या बैठकीत मी तिचा तो व्हिडिओ लावला. 'आपला वापरणारा असा अडाणी असतो, हे मी ओळखलं,' असं म्हणालो. लोक हसले. तमिळ अक्षरांवर तर टाळ्या पडल्या. ती सातवी शिकलेली, रोज पेपर वाचणारी बाई. चूक माझ्या मेनूची होती, हसं तिच्या बोटांचं झालं. साहेबांनी विचारलं, "हे पाच ओळींचं कुठून सुचलं?" मी म्हणालो, "निरीक्षणातून." मला बढती मिळाली.

त्यानंतर मी दुसऱ्या गल्लीतून जायला लागलो. मासे बाजारातून आणायला लागलो. बायको म्हणायची, "मावशी विचारत होती, भाऊंनी मासं सोडलं का म्हणून." मी काहीतरी पुटपुटायचो. असं वर्षभर चाललं. मग एक दिवस बायकोनेच सांगितलं, मावशीचे गुडघे गेले, ती आता बसत नाही.

मी पाचूबंदरला गेलो. ती ओट्यावर पाय लांब करून सुनेला जाळ्याबद्दल काहीतरी सुनावत होती. मी सगळं सांगितलं. अडाणी म्हणालो तेही.

तिने फक्त एकच विचारलं. "लोक हासले तवा तू काय केलंस?"

"मीही हसलो."

मला वाटलं, आता उठ म्हणेल. तर सुनेला म्हणाली, "माजी हिरवी साडी काड गं." आणि मला, "तुजं नवं यंत्र आनलंस का? मंग दुसरा काड व्हिडिओ. ह्या खेपेला पुरा काड, आनि त्याच लोकांना दाकव."

हिरवी साडी, अंबाड्यात अबोलीची वेणी. मी म्हणालो, "होडीत पाणी भरतंय." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा अंगठा लाल बटणावर होता. मग तिने हवामान बघितलं, मुलाची होडी कुठे आहे ते बघितलं, मागे आली. कुठेही अडली नाही. शेवटी मोबाइलकडे बघून म्हणाली, "हासा आता."

पुढच्या बैठकीत मी तो व्हिडिओ लावला. आधी तिचं नाव सांगितलं, मग वाटे, मास्तरांची कोळंबी, कोयता, सगळं. माझा खोटेपणाही. "हासा आता," असं ती म्हणाली तेव्हा कुणी हसलं नाही. मग स्क्रीनवर तीच खळखळून हसली, आणि अख्खी खोली तिच्याबरोबर हसली. साहेब तेवढे माझ्याकडे बघत राहिले. बघू दे. कंपनीत नव्या माणसाला कामाला लावताना आता तिचे दोन्ही व्हिडिओ दाखवतात.

हे मी तिला सांगायला गेलो तर म्हणाली, "साडी बरी दिसली ना?"

यंदा ती गेली. होळीच्या आधी, झोपेतच.

गल्लीच्या तोंडाशी आता तिची सून बसते. तीच फळी, पाच वाटे. काल मी तिथे उभा होतो. मास्तर मला त्यांच्या ऑपरेशनची हकिकत सांगत होते. डोळा आता लख्ख झालाय. तरी बोलता बोलता, फळीकडे न बघताच, त्यांचा हात डावीकडून दुसऱ्या वाट्यावर गेला.

मांदेलीच होती.